बोलणारं झाड, जॅमचं दुकान आणि आमच्या मंदिरातलं कपाट



यंदा श्रुतपंचमीला आमच्या मंदिरात नेहमीप्रमाणे शास्त्रांची कपाटं उघडली. आम्ही सात-आठ जणी सकाळीच जमलो होतो. जुनी वेष्टनं काढायची, ग्रंथ मऊ कापडानं पुसायचे, पानं ऊन दाखवून परत नव्या वेष्टनात बांधायची. वर्षातलं मला सगळ्यात आवडणारं काम. लग्न, बारसं, डोहाळजेवण एखादं चुकलं तरी चालेल, पण ज्येष्ठ शुद्ध पंचमी मी चुकवत नाही.

शास्त्रांची कपाटं आवरून झाल्यावर पाठशाळेच्या मुलांचं छोटं कपाट उघडलं. त्यात खालच्या फळीवर गोष्टींची पुस्तकं होती. कुणाकुणाच्या घरून आलेली, कोपरे दुमडलेली, काहींवर पेनानं मिशा काढलेली. पऱ्या, राक्षस, उडते गालिचे, जादूची शाळा, असं सगळं. मंडळातल्या एका ताईंनी ती सगळी उचलून एका पिशवीत भरली आणि दाराशी ठेवली. "रद्दीत द्या. मंदिराच्या कपाटात जादूटोणा कशाला?" मी मोजली. 43 पुस्तकं होती. बी.कॉम.ची सवय, दुसरं काय.

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या पिशवीतून घडीच्या छत्रीबरोबर एक पुस्तक बाहेर पडलं. मुखपृष्ठावर फुलं, पुस्तकं आणि एक टुमदार घर. ताईंनी उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीसुद्धा? या वयात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना, शांतीनगरच्या भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढताना, ते हसू घशात अडकल्यासारखं झालं. म्हणून आज हे लिहिते आहे. त्या ताई हे वाचतात हे मला माहीत आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, अष्टान्हिकेचे त्यांचे उपवास पाहून मी लाजते. पण त्या दिवशी त्यांचं चुकलं असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगायलाच हवं.

आधी पुस्तक कोणतं ते सांगते. सारा बेथ डर्स्ट या अमेरिकन लेखिकेचं 'द स्पेलशॉप', 2024 साली आलेलं. नात अकरावी कॉमर्सला आहे, तिनं दिलं. "आजी, यात मारामारी फारशी नाही, तुला आवडेल." माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कादंबरी वाचायची म्हणजे बैलगाडीचा वेग. तरी पंधरा दिवसांत संपवलं.

किएला नावाची एक बाई राजधानीच्या प्रचंड मोठ्या ग्रंथालयात काम करते. मंत्रांच्या पोथ्या सांभाळते. माणसांपेक्षा तिला पुस्तकांची सोबत बरी वाटते. तिचा मदतनीस कॅझ हा माणूस नाही, झाड आहे. आपल्या गॅलरीत टांगलेलं असतं तसलं स्पायडर प्लांट, पण मंत्रानं जिवंत झालेलं, बोलणारं, सतत घाबरणारं. शहरात बंड होतं, ग्रंथालयाला आग लागते. ही दोघं काही पेट्या पोथ्या होडीत घालून पळतात आणि तिच्या आईवडिलांच्या जुन्या बेटावर येतात. पोटापाण्यासाठी ती जॅमचं दुकान काढते. पण बेटावरची झाडं वाळत चाललेली, हवामान बिघडलेलं. कारण साम्राज्यानं सगळी विद्या राजधानीत कोंडून ठेवलेली, आणि सामान्य माणसानं मंत्र वापरणं हा गुन्हा. मग ही बाई जॅमच्या आडून लोकांना गुपचूप मंत्रांचे उपाय देऊ लागते. एवढीच गोष्ट. जग वाचवायचं नाही, राक्षस मारायचा नाही. शेजाऱ्याचं झाड वाचवायचं.

अशा कादंबऱ्यांना हल्ली 'कोझी फँटसी' म्हणतात. ऊबदार अद्भुतकथा म्हणा. पावसाळ्यात दारं लावून, पायावर चादर घेऊन वाचायची.

आता आक्षेप. ताईंच्या एका वाक्यात तीन आक्षेप होते असं मला नंतर विचार केल्यावर दिसलं. एक, जादू म्हणजे मिथ्यात्व. दोन, असल्या गोष्टी म्हणजे विकथा, दुःश्रुती. तीन, या वयात वेळ तरी किती उरलाय, तो यात घालवायचा? तिन्ही आक्षेप हलके नाहीत. म्हणून एकेक घेते.

पहिला. मैत्रिणींनो, ज्या दिवशी आपण ती पिशवी भरली तो दिवस कशाचा होता? श्रुतपंचमी आपण का साजरी करतो? धरसेनाचार्य गिरनारच्या गुहेत राहत होते. मौखिक परंपरेनं आलेलं ज्ञान आपल्याबरोबर संपून जाईल या काळजीनं त्यांनी दोन मुनींना बोलावलं, तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली झाले. शिकवण्याआधी आचार्यांनी त्यांची परीक्षा घेतली. कशी? दोघांना एकेक मंत्र साधायला दिला. एकाच्या मंत्रात एक अक्षर जास्त घातलं, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी केलं. साधना केल्यावर देवी प्रकट झाल्या. एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एका डोळ्यानं अधू. दोघांनी विचार केला, देवता तर अशा नसतात, म्हणजे मंत्रातच चूक आहे. त्यांनी व्याकरणानं मंत्र दुरुस्त केले, पुन्हा साधना केली, तेव्हा देवी सुंदर रूपात आल्या. मग आचार्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला, आणि तो पूर्ण झाला तो दिवस म्हणजे श्रुतपंचमी.

ही गोष्ट वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत आहे. आपण दरवर्षी ऐकतो, पाठशाळेत मुलांना सांगतो आणि मुलं दातवाल्या देवीला खदखदून हसतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की मंदिरात जादूटोणा कशाला. का म्हणत नाही? कारण गोष्टीचा रोख जादूकडे नाही. एका अक्षरानं अर्थाचा अनर्थ होतो, ज्ञान जपून हाताळायचं असतं, आणि समोर आलेलं आंधळेपणानं स्वीकारायचं नाही, तपासायचं, हे ती गोष्ट सांगते. 'स्पेलशॉप' आगमाच्या पंक्तीला बसतं असं मी मुळीच म्हणत नाही. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! पण गोष्टीत मंत्र आला की ती गोष्ट मिथ्यात्वाची झाली, हा नियम लावायचा तर आपल्यालाच अडचण होईल.

मिथ्यात्व म्हणजे खोट्याला खरं मानणं. कादंबरी मला काहीही खरं मानायला सांगत नाही. पहिल्या पानापासून ती सांगते, मी बनवलेली गोष्ट आहे. पुस्तक मिटलं की माझ्या गॅलरीतलं झाड बोलत नाही आणि मी वाटही पाहत नाही. उलट आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काय येतं? हा संदेश 11 जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल. अमुक यंत्र तिजोरीत ठेवा, धंदा वाढेल. हे खरं म्हणून येतं आणि खरं म्हणून पुढे पाठवलं जातं. त्यासाठी पैसेही मोजले जातात. देवमूढता म्हणजे वर मिळवण्याच्या आशेनं पूजा, असं आपण स्वाध्यायात वाचतो आणि पुस्तक बंद करून तो संदेश पुढे ढकलतो. रद्दीची पिशवी भरायचीच असेल तर मोबाइलपासून सुरू करू या.

दुसरा आक्षेप, विकथेचा आणि दुःश्रुतीचा. हा मला जास्त टोचला, कारण अनर्थदंडविरती हे माझं व्रत आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यात दुःश्रुती येते. पण त्यांनी 'गोष्टी ऐकू नका' असं सरसकट म्हटलेलं नाही. मन कलुषित करणारं ऐकू नका म्हटलंय, आणि मन कशानं कलुषित होतं त्याची यादी दिली आहे. आरंभ, संग, साहस, मिथ्यात्व, द्वेष, राग, मद, मदन. आठ बाबी. इतकी स्वच्छ यादी मिळाल्यावर माझ्यातली कॉमर्सवाली जागी होणारच. मी वही घेतली आणि पुस्तकाचं ऑडिट केलं.

आरंभ म्हणजे धंदे-उद्योगांची खटपट. जॅमचं दुकान आहे, पण चूल, बरणी आणि चार गिऱ्हाइकं. संग म्हणजे परिग्रहाची हाव. इथे ती नाही, उलट साठवणाऱ्यांवरच पुस्तकाचा राग आहे. साहस म्हणजे थरारक शौर्याची चटक. नाममात्र. मिथ्यात्वाचं वर बोललेच. द्वेष, जवळजवळ नाही. मद, नाही. ती बाई इतकी संकोची आहे की दार वाजलं तरी दचकते. राग म्हणजे आसक्ती आणि मदन, हो, आहे. शेजारचा एक भला माणूस आहे, त्याचं आणि तिचं जमतं. तिथे मी लाल पेनानं खूण केली. आठपैकी दोन बाबींत शेरा.

मग त्याच यादीनं संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या एका मालिकेचं ऑडिट केलं. कोणत्या ते विचारू नका, आपल्यापैकी निम्म्या घरांत ती लागते. सुनेच्या दुधात औषध घालणारी सासू, इस्टेटीचे कागद, दुसरी बायको. आठपैकी सात! मिथ्यात्वसुद्धा आलं, बाबा येऊन ताईत देऊन गेले. आणि स्वाध्यायानंतर चपला घालताना पंधरा मिनिटं आपण ज्या गप्पा मारतो, कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या पंगतीत काय कमी पडलं, त्याचा ताळेबंद मी इथे मांडत नाही. विकथांची नावं तुम्हाला पाठ आहेत. स्त्रीकथा आणि भोजनकथा त्यात पहिल्या येतात.

माझं म्हणणं इतकंच. कसोटी आहे ना? मग ती सगळ्यांना लावा. परी दिसली की रद्दी आणि सासू दिसली की सोफा, हा हिशेब जुळत नाही.

आता एक बाब मी स्वतःहून पुढे करते, कारण ती लपवली तर ऑडिट खोटं ठरेल. किएला ज्या पोथ्या घेऊन पळते त्या तिच्या नाहीत. कायद्यानं ती चोरी आहे. अचौर्य अणुव्रताचं काय? वाचताना हा प्रश्न मला छळत राहिला. आणि छळत असतानाच आठवलं की ही गोष्ट मी आधी ऐकली आहे, माहेरी, मिरजेकडच्या माणसांच्या तोंडून.

धवला, जयधवला, महाधवल या आपल्या सिद्धांतग्रंथांच्या जुन्या ताडपत्र प्रती शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. लोक यात्रेला जात, दुरून दर्शन घेत आणि परत येत. वाचायला कुणाला मिळत नव्हत्या. पानं जीर्ण होत चालली होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खूप खटपट केली, तेव्हा 1896 च्या सुमारास नक्कल करायला परवानगी मिळाली. नक्कल करून ठेवायची ती मूडबिद्रीतच, बाहेर जाऊ द्यायची नाही, अशी तिथल्या पंचांची भूमिका. या कामावर मिरजेचे गजपती शास्त्री होते. त्यांनी काम करता करता गुपचूप आणखी एक प्रत तयार केली, कानडी लिपीत. आणि त्यात त्यांना साथ होती त्यांच्या विदुषी पत्नीची, लक्ष्मीबाईंची.

मैत्रिणींनो, क्षणभर थांबा आणि हे डोळ्यांसमोर आणा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची एक बाई, परक्या गावात, स्वयंपाक आटोपून, हजारो श्लोकांचा सिद्धांतग्रंथ लिहून काढायला हात लावते आहे. कुणाला सांगायची सोय नाही. आपण स्वयंपाकघरात बसून ज्ञानाची सेवा कशी करायची असं विचारतो. हे घ्या उत्तर.

ती प्रत घेऊन शास्त्रीजी शेठ हिराचंद आणि शेठ माणिकचंद यांच्याकडे गेले. दोघांनीही घेतली नाही. ज्या ग्रंथासाठी इतकी वर्षं झटले तो हातात आलेला, तरी घेतला नाही, कारण तो अशा मार्गानं आला होता. चोरून आणलेलं विकत घेणं हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, हे तत्त्वार्थसूत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शेवटी ती प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी घेतली. तिथून पुढे नकला बाहेर पडल्या, एक आपल्या विदर्भातल्या कारंजाला पोहोचली. अशा प्रतींवरून डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीत बसून धवलेचं संपादन केलं. पहिला भाग 1939 साली छापून आला, पुढच्या वीसेक वर्षांत 16 भाग पूर्ण झाले. नंतर मूडबिद्रीकरांनीही सहकार्य केलं, मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आले. आज आपल्या मंदिराच्या कपाटात धवलेचे भाग आहेत. श्रुतपंचमीला मी स्वतः त्यांना नवी वेष्टनं घातली.

कोण बरोबर होतं? व्रत राखणारे शेठ, की रात्री जागून लिहिणारी लक्ष्मीबाई? मी दोघांनाही नमस्कार करते. शेठजींनी नकार दिला नसता तर व्रताचा अर्थ काय राहिला असता? आणि लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर मी वेष्टनं कशाला घातली असती? माझ्याकडे याचं एकच एक उत्तर नाही. पण एका परदेशी बाईनं लिहिलेल्या बोलणाऱ्या झाडाच्या गोष्टीनं मला हा प्रश्न पुन्हा विचारायला लावला, जो मी चाळीस वर्षं ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. ही दुःश्रुती असेल तर मग स्वाध्याय कशाला म्हणायचं?

ताई म्हणतील, कल्पनेत रमणं हाच प्रमाद आहे. यावर मी यशोधर राजाची गोष्ट आठवून देते, पुष्पदंत कवीच्या 'जसहरचरिउ'मधली. (हे पुष्पदंत दहाव्या शतकातले अपभ्रंश कवी, वरचे आचार्य वेगळे. या काव्याचं संपादन डॉ. प. ल. वैद्यांनी केलं आणि ते कारंजाच्या ग्रंथमालेत 1931 साली निघालं.) आईच्या आग्रहानं राजा देवीला बळी देतो. जिवंत कोंबडा नाही, पिठाचा. तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून आई आणि मुलगा मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा किती जन्मांतून फिरतात. म्हणजे मनातल्या मनात केलेलंही मोजलं जातं. कबूल. पूर्ण कबूल. पण मग दुसरी बाजूही मोजा ना! पिठाचा कोंबडा कापून कर्मबंध होत असेल, तर कागदावरच्या वाळक्या झाडासाठी जीव हळहळला, त्याचं काहीच नाही का? आपण वनस्पतीला जीव मानणारी माणसं. रोपाला चिमटा काढतानाही हात अडखळावा असं लहानपणी शिकलेली. झाड एकेंद्रिय, बोलत नाही, हे ठाऊक आहे. पण सगळ्या जगात बोलणारं झाड वाचून ज्याला हसू कमी आणि माया जास्त यावी, तो वाचक आपणच नाही का?

आणि आपल्या चार अनुयोगांत पहिला कोणता? प्रथमानुयोग. गोष्टींचा. आचार्यांना माहीत होतं, माणूस आत येतो तो गोष्टीच्या दारानं. करणानुयोगाचं गणित घेऊन सहा वर्षांचं पोर कपाटाजवळ येत नाही.

राहिला तिसरा आक्षेप, वेळेचा. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात. पावणेसातला ओटा पुसून कोरडा. सामायिक आणि पाठ झाल्यावर झोपेपर्यंत तास-दीड तास उरतो. यांचा टीव्ही, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, लांबून लोकलची शिट्टी. त्या वेळात मी वाचते. पुण्य कमावते असा दावा नाही. मन शांत होतं, कुणाविषयी वाईट येत नाही, आणि झोप चांगली लागते. चौसष्टाव्या वर्षी एवढी कमाई पुरे.

पण खरं कारण मी अजून सांगितलं नाही. ताईंनी पिशवी भरली तेव्हा माझे हात का थरथरले ते.

वीसेक वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. लेक आठवीत होती. जादूच्या शाळेची जाडजूड पुस्तकं मैत्रिणींकडून आणून वाचायची, जेवताना, अंथरुणात, सगळीकडे. एक पुस्तक तिनं खाऊच्या पैशांतून विकत घेतलं होतं. चातुर्मास होता, पाठशाळा बुडवली म्हणून मी चिडले आणि ते पुस्तक रद्दीवाल्याला दिलं. धर्मासाठी केलं असं मला वाटत होतं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून काय वाचते ते तिनं मला सांगणं सोडलं. पुढे काय वाटतं तेही सांगणं सोडलं. पाठशाळा तर तिनं त्याच वर्षी सोडली. एका पुस्तकाचे रद्दीत किती आले असतील? दोन रुपये? इतका तोट्याचा व्यवहार मी आयुष्यात दुसरा केला नाही.

म्हणून नातीनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. वाचून झाल्यावर लेकीला पुण्याला फोन केला आणि सांगितलं, अशी अशी गोष्ट आहे, एक झाड आहे, फार घाबरट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू वाचलंस?" मी म्हटलं, "हो, आणि तुझं ते पुस्तक रद्दीत द्यायला नको होतं." त्या रात्री आम्ही तासभर बोललो. विषय पुस्तकांचाच होता. बाकीचं येईल हळूहळू.

तर ताई, आता मागणं. ती पिशवी मी त्या दिवशी घरी आणली आहे, रद्दीवाल्याला दिलेली नाही. हे न विचारता केलं, त्याबद्दल क्षमा मागते. 43 पुस्तकं मी वाचून काढते आहे, आचार्यांच्या आठ बाबींची यादी शेजारी ठेवून. 31 झाली. त्यात चार मलाच पटली नाहीत, एकात प्राण्यांचे हाल करून हसवलंय, तिन्हींत भुताखेतांची नुसती भीती आहे. ती चार बाजूला काढली. उरलेली परत खालच्या फळीवर ठेवू द्या. शास्त्रांच्या कपाटात नको, त्यांचा विनय वेगळा, त्यांची जागा वेगळी. मुलांच्या कपाटात. देवाणघेवाणीची वही मी ठेवीन, तारीख, नाव, सही, सगळं. रविवारी पाठशाळा सुटल्यावर अर्धा तास मी तिथे बसेन. गोष्टीचं पुस्तक हवं असेल त्यानं आधी त्या दिवशीच्या पाठातलं एक सांगायचं, हा नियम तुमच्या समाधानासाठी.

आणि 'स्पेलशॉप' तुम्हाला वाचायला देते. पंधरा दिवसांनी परत करा, नातीचं आहे. लाल पेनानं खुणा केलेली पानं सोडून वाचलीत तरी चालेल. पण मला वाटतं तुम्ही सोडणार नाही.

माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.